नाव वापरा हवे ते, नोंद ठेवा एकच

लग्न करून परदेशी निघालेल्या मुलीने पासपोर्टवर, ग्रीन कार्डावर, बँकेत नाव बदलावे का, या प्रश्नाला आपल्याकडे तीन तयार उत्तरे मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, बदलावे. रीत आहे, शिवाय तिकडच्या अधिकाऱ्यांना नवरा-बायकोचे आडनाव एक दिसलेले बरे. मैत्रिणी म्हणतात, मुळीच बदलू नये. नाव ही आपली ओळख. या दोघांच्या वादाला कंटाळलेला सुशिक्षित माणूस म्हणतो, हा तिचा वैयक्तिक प्रश्न आहे, तिला हवे ते तिने करावे. तिसरे उत्तर सर्वांत उदार वाटते, आणि म्हणूनच ते सर्वांत फसवे आहे.

या लेखाचे म्हणणे असे. सरकारी दप्तरातले नाव आणि माणसाने चारचौघांत लावायचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे काम एकाच व्यक्तीच्या विखुरलेल्या नोंदी जोडून ठेवण्याचे. दुसऱ्याचे काम नाते, माया, परंपरा, अभिमान सांगण्याचे. आपण ही दोन्ही कामे एकाच नावावर लादली आहेत, आणि त्याचा भार देश बदलणाऱ्या जोडीदारावर, म्हणजे बहुतेक वेळा बायकोवर, पडतो आहे. म्हणून नोंदीतले नाव लग्नामुळे बदलू नये, वापरातले नाव ज्याला हवे तसे बदलू द्यावे, आणि दोहोंची सांगड घालण्याची जबाबदारी शासनाने उचलावी. पुढची उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतली आहेत, कारण मराठी घरांतल्या मुलींची लग्नानंतर तिथल्या कचेऱ्यांशी फार वेळा गाठ पडते.

१. नोंदीतल्या नावाचे काम काय?

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, पॅन, आधार, पासपोर्ट, व्हिसा, वडिलांच्या सातबाऱ्यावरचा वारसहक्क. यांतला प्रत्येक कागद वेगळ्या कचेरीने, वेगळ्या वर्षी, वेगळ्या कारणासाठी तयार केलेला असतो. हे सगळे एकाच बाईचे आहेत, हे तिच्या तोंडाकडे बघून कोणत्याही कारकुनाला कळत नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली तर कळते. नाव ही खुंटी आहे आणि बाकी सारे तिच्यावर टांगलेले. खुंटी बदलली की प्रत्येक कागद काढून नव्या जागी टांगावा लागतो, आणि जो राहून जातो तो नेमका गरजेच्या वेळी हाताशी येत नाही.

राज्यसंस्थेला नावात रस असतो तो एवढ्यासाठीच. जपानच्या नागरी कायद्याचे ७५० वे कलम नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यायला लावते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हे बंधन घटनेला धरून असल्याचे सांगितले, आणि प्रत्यक्षात बहुसंख्य जोडप्यांत आडनाव सोडते ती बायकोच. पण जपानी माणसाने परदेशी व्यक्तीशी लग्न केले, की हे बंधन लागू होत नाही. दोघांची नावे आपोआप वेगळीच राहतात. जपानी जोडीदाराला परदेशी आडनाव हवे असेल, तर सहा महिन्यांच्या आत अर्ज देऊन ते घेता येते. बंधनातून ही सूट का? कारण कुटुंबनोंदवहीत परदेशी माणसाचे स्वतंत्र पान उघडता येत नाही. एका आडनावाने कुटुंब एकसंध राहते असे खरोखर मानणाऱ्या शासनाने ही सूट दिली नसती. एक नाव ही वहीची सोय होती. वही बदलली तसा नियमही बदलला.

अमेरिकेतला जुना दाखला याहून कठोर आहे. स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या ल्यूसी स्टोन यांनी १८५५ मध्ये लग्न केले आणि स्वतःचे नाव कायम ठेवले. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत देण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांनी नोंदणी केली. नवऱ्याच्या आडनावाने नोंदवल्याशिवाय मत देता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले, आणि त्यांनी मत सोडले. नोंदीतले नाव कोणी ठरवायचे, हा प्रश्न थेट हक्काला जाऊन भिडतो तो असा. पुढे १९७० च्या दशकात मेरीलँड, टेनेसी अशा राज्यांच्या न्यायालयांनी लग्नाने स्त्रीचे नाव आपोआप बदलत नाही असे निवाडे दिले. भारतात तर असा कायदा कधीच नव्हता. हिंदू विवाह कायद्यात नाव बदलण्याविषयी एक अक्षर नाही. म्हणजे 'बदलावेच लागते' हा समज दोन्हीकडे निराधार आहे.

२. इथल्या मुलीचा क्रम आणि तिथल्या नवरीचा क्रम

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत पुरुषाशी लग्न केलेल्या ७९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचे आडनाव घेतले आहे. त्यामुळे तिथली सगळी यंत्रणा या प्रथेला सरावलेली आहे. अमेरिकेत जन्मलेल्या नवरीसाठी वाट सरळ असते. लग्नाचा दाखला घ्यायचा, सोशल सिक्युरिटी कार्यालयात फुकट नाव बदलायचे, मग वाहन परवाना, मग पासपोर्ट, मग बँक. तिकडे स्थायिक झालेली नणंद किंवा मैत्रीण हाच क्रम नव्या मुलीला सांगते. सल्ला प्रेमाचा असतो, पण तिला तो लागू पडत नाही.

कारण बाहेरून आलेल्या जोडीदाराच्या नावाचे मूळ अमेरिकेत नसते, ते भारतीय पासपोर्टात असते. पासपोर्टावरून व्हिसा, व्हिसा आणि पासपोर्टावरून प्रवेशाची आय-९४ नोंद, तिच्यावरून पुढचे सगळे. अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर आलेल्या मुलीला कामाची परवानगी नसेल, तर सोशल सिक्युरिटी क्रमांकच मिळत नाही. कर भरण्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा लागतो आणि तोही पासपोर्ट दाखवून. म्हणजे अमेरिकन नवरीची पहिली पायरी हिच्यासाठी पायरीच नाही. हिचा क्रम उलटा आहे: आधी पासपोर्ट, मग परदेशगमनाचे कागद, मग सोशल सिक्युरिटी, मग परवाना आणि बँक.

हा क्रम मध्येच तुटला की काय होते ते पाहा. पासपोर्ट नव्या नावाने निघाला, पण चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात जुन्या नावाने राहिला. अमेरिकेचे परराष्ट्र खाते अशा वेळी नवा व्हिसा घेण्याची शिफारस करते. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा मुलाखतीच्या तारखेची वाट. ग्रीन कार्डावरचे नाव बदलायचे तर आय-९० अर्ज वेगळा. सोशल सिक्युरिटीत बदलले पण मालकाच्या दप्तरात राहिले, तर वर्षअखेरच्या पगारपत्रकावर जुने नाव येते. अमेरिकेचे कर खाते विवरणपत्र तपासताना क्रमांकाबरोबर आडनावाची पहिली चार अक्षरेही जुळवते. ती जुळली नाहीत, तर परतावा अडकतो. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी 'रिअल आयडी' दर्जाचे ओळखपत्र लागू झाले आहे, आणि ते काढताना ओळखीच्या मूळ कागदावरचे नाव वेगळे असेल, तर मधल्या नावबदलाचा पुरावा मागितला जातो. कटकटीची यादी करणे हा इथे हेतू नाही. यातली एकही अडचण नाव न बदलणाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला येत नाही, एवढेच लक्षात घ्यावे.

३. तीन भागांचे नाव, दोन कप्प्यांचा अर्ज

मराठी स्त्रीच्या बाबतीत गुंता आणखी खोल आहे, आणि त्याची चर्चा इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये फारशी सापडत नाही. इतरत्र लग्नानंतर नाव बदललेच, तर बहुधा फक्त आडनाव बदलते. आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते, आणि काही घरांत तांदळात अंगठीने लिहिलेले नवे पहिले नावसुद्धा कागदावर उतरते. उदाहरणादाखल, स्नेहल विनायक शिंदे ही स्नेहल अमोल पवार होते. तीनातले दोन भाग गेले. पहिले नावही बदलले, तर जुन्या कागदांशी तिला जोडणारी फक्त जन्मतारीख उरते.

जगाच्या पासपोर्ट व्यवस्थेत या रचनेला जागा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत नावाला ३९ जागा असतात आणि भाग दोनच: आडनाव आणि उरलेले सारे. भारतीय पासपोर्टातही हेच दोन रकाने आहेत. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव 'उरलेल्या'त जाते आणि विमानाच्या तिकिटावर 'स्नेहलअमोल' असा जोडशब्द उमटतो. पुढे कुठे 'अमोल' हे तिचे मधले नाव होते, कुठे पहिल्याच नावाचा भाग, कुठे गळून पडते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांची तऱ्हा वेगळी: अमेरिकी व्हिसावर त्यांचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) ही तीन अक्षरे येतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टावर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला.

आता नवऱ्याचे पहिले नाव आपले मधले नाव म्हणून लावण्याचा प्रश्न घ्या. कॅलिफोर्नियात २००९ पासून लागू असलेला नावसमानतेचा कायदा चांगलाच उदार आहे. नवरा असो वा बायको, कोणीही कोणाचे आडनाव घेऊ शकतो, दोन्ही जोडू शकतो. पण मधल्या नावासाठी त्यात दिलेले पर्याय आडनावांभोवती आणि स्वतःच्या जुन्या मधल्या नावाभोवतीच फिरतात. नवऱ्याचे पहिले नाव हा पर्याय तिथे नाही. शिवाय लग्नाच्या परवान्यावर एकदा लिहिलेले नाव नंतर बदलायचे, तर न्यायालयात जावे लागते. तिकडे लग्न नोंदवणाऱ्या मराठी जोडप्याला आपल्या रीतीचे तीनपदरी नाव हवे असेल, तर लग्नाचा कागद त्यासाठी पुरत नाही.

गोव्यातल्या अनेक कुटुंबांना हा गुंता दुसऱ्या दिशेने ठाऊक आहे. पोर्तुगीज काळातल्या आजी-आजोबांच्या जन्मनोंदीवर नागरिकत्व मागताना जन्म आणि लग्न लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात पुन्हा नोंदवावे लागते. तिथल्या कायद्यात बायको नवऱ्याची आडनावे स्वतःच्या नावात जोडू शकते, पण जन्माचे आडनाव नोंदीतून पुसले जात नाही. आपल्याकडे पुसले जाते. मग आजीच्या जन्मनोंदीतली बाई आणि नातवाच्या कागदांतली बाई एकच, हे सिद्ध करत घरातली मंडळी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात.

४. 'तिची मर्जी' हे अर्धेच उत्तर

आता वैयक्तिक निवडीच्या युक्तिवादाकडे येऊ. निवड खरी असायची तर दोन अटी हव्यात: दोन्ही वाटांचा खर्च आधी कळायला हवा, आणि निवड फिरवता यायला हवी. इथे दोन्ही नाहीत.

पहिली अट. परदेशगमनाचे अर्ज बहुतेक घरांत आधीपासून तिकडे असलेला जोडीदार किंवा त्याच्या कंपनीचा वकील भरतो. मुलगी लग्नाच्या धावपळीत सह्या करते. आडनाव एक नसेल तर मुलाखतीत लग्न खोटे ठरेल, अशी भीतीही तिला घातली जाते. ही भीती बिनबुडाची आहे. लग्न खरे आहे हे दाखवण्यासाठी अमेरिकी नियमावलीत जे पुरावे सांगितले आहेत ते असे: दोघांच्या नावची मालमत्ता, एकत्र भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे. एक आडनाव त्या यादीत नाही.

दुसरी अट. नाव बदलताना लग्नाचा एक दाखला पुरतो. परत फिरताना काय लागते? भारतात राजपत्रातून माहेरचे नाव परत घ्यायचे, तर घटस्फोटाचा हुकूम किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र आणण्याची केंद्राच्या अधिसूचनेतली अट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानाचा विषय झाली. नाव घेताना ज्याची परवानगी लागत नाही, ते सोडताना त्याची सही लागावी, याला निवड म्हणता येत नाही. परदेशात या एकतर्फीपणाला आणखी धार येते. संसार मोडला, तेव्हा पासपोर्ट एका नावाचा, पदवी दुसऱ्या नावाची आणि दोहोंना जोडणारा लग्नाचा दाखला नवऱ्याच्या कपाटात, अशी अवस्था असेल, तर तिला नोकरीचा अर्जसुद्धा धड करता येत नाही. परदेशगमनाच्या व्यवहारात आधीच एक माणूस अर्जदार असतो आणि दुसरा अवलंबित. नावबदलाने त्या अवलंबनात आणखी एक गाठ बसते.

म्हणून निवडीचा युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. जिथे एका वाटेवर टोल आहे आणि तो फक्त एकाच बाजूच्या प्रवाशाकडून घेतला जातो, तिथे 'जा बाई हवे तिकडून' म्हणणे हा औदार्याचा आव आहे.

५. ज्यांनी दोन कामे वेगळी केली

यावर उपाय नाही असे नाही. तो काही देशांत जुना आहे.

फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात, १७९४ साली, झालेल्या कायद्याने कोणत्याही नागरिकाला जन्मदाखल्यावरच्या नावाखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई केली. आजही लग्नाने तिथे कायदेशीर नाव बदलत नाही. जोडीदाराचे आडनाव 'वापरातले नाव' म्हणून घेता येते, ते ओळखपत्रावर वेगळ्या ओळीत छापले जाते आणि जन्मनाव जागचे हलत नाही. नेदरलँड्समध्ये लोकसंख्या नोंदणीत जन्मनाव कायम राहते; शासनाने पत्रव्यवहारात कोणते नाव वापरावे यासाठी चार पर्याय दिलेले असतात: स्वतःचे, जोडीदाराचे, आधी स्वतःचे मग जोडीदाराचे, किंवा त्याच्या उलट. पर्याय नवऱ्यालाही तेच आणि बायकोलाही तेच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८१ पासून दोघांनाही जन्मनावानेच नागरी हक्क बजावायला लावले, आणि ग्रीसने १९८३ मध्ये तीच वाट धरली.

या सर्वांत फ्रान्स आणि नेदरलँड्सची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. क्वेबेकचा नियम नोंद स्थिर ठेवतो, पण नवऱ्याचे आडनाव मनापासून हवे असणाऱ्या स्त्रीच्या इच्छेला कागदावर जागा देत नाही. डच रीतीत नोंदही सांभाळली जाते आणि इच्छाही. सून म्हणून मिरवायचे असेल तर शासन तिला त्याच नावाने पत्र पाठवते, आणि तिची पदवी, निवृत्तिवेतन, जन्मनोंद यांतला धागा तुटत नाही. बाहेरून लग्न करून आलेल्या जोडीदाराला याचा दुहेरी लाभ होतो, कारण तिच्या मायदेशातल्या कागदांवर आणि नव्या देशातल्या नोंदीत एकच नाव राहते.

आपले शासन या वाटेवर अर्धे पाऊल आधीच टाकून बसले आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहिले जाते. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव ही चालू पद्धत तशीच ठेवली. मात्र मालमत्तेच्या दस्तात लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा दिली. ही मुभा म्हणजे अप्रत्यक्ष कबुलीच आहे. मालमत्तेसारख्या पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या नोंदीला न बदलणारे नाव लागते, हे शासनाला पटले आहे. जे फेरफाराच्या नोंदीसाठी खरे, ते पासपोर्टासाठी खोटे कसे?

६. आक्षेप आणि उत्तरे

*पहिला आक्षेप: आई आणि मुलांचे आडनाव वेगळे असेल, तर प्रवासात अडवतील.* काही देशांच्या सीमेवर एकट्या पालकाला असे प्रश्न विचारतात, हे खरे. पण ते आडनाव एक असलेल्या पालकालाही विचारतात, कारण त्यांना पाहायची असते दुसऱ्या पालकाची संमती. त्याचे उत्तर मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत आणि संमतीपत्र हेच आहे. आडनाव नाते सुचवते. सिद्ध करतो तो दाखला.

*दुसरा: माहेरचे नाव तरी तिचे कुठे? तेही बापाचेच.* आक्षेप बरोबर आहे, आणि 'नाव म्हणजे माझी ओळख' असे म्हणणाऱ्यांनी त्याला अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. इथला युक्तिवाद मात्र त्या नावाच्या पावित्र्यावर उभा नाही. ते पहिल्या नोंदीपासून आहे आणि पुढच्या सर्व नोंदी त्याच्यावर रचल्या आहेत, एवढेच त्याचे महत्त्व. नवऱ्याचे नावही त्याच्या बापाचेच असते. तरी ते कायम ठेवण्याचा फायदा तो विनाप्रश्न घेतो.

*तिसरा: आता आधार आहे, सोशल सिक्युरिटी क्रमांक आहे, नावाला कोण विचारतो?* क्रमांक सीमा ओलांडत नाहीत. आधार क्रमांक ओहायोतल्या परवाना कार्यालयाला काही सांगत नाही, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा तलाठ्याला उपयोग नाही. दोन देशांच्या दप्तरांमध्ये समान असतात ते फक्त नाव आणि जन्मतारीख. शिवाय क्रमांकसुद्धा नावाशी ताडूनच मान्य होतो: आधार आणि पॅन जोडताना नाव जुळावे लागते, आणि आधारवर नाव बदलण्याची संधी साधारणपणे आयुष्यात दोनदाच मिळते.

*चौथा: दोन नावे चालू दिली, तर फसवणूक वाढेल.* उलट होईल. आज जुने नाव मागे टाकून नव्या नावाने कोरी पाटी मिळवणे सोपे आहे, कारण दोहोंना जोडणारा पुरावा अर्जदाराच्याच हाती असतो. जन्मनाव कायम आणि वापरातले नाव शेजारी नोंदलेले असेल, तर एकाच नजरेत दोन्ही दिसतील. सुरक्षेची काळजी करणाऱ्यांनी या सूचनेचे पहिले समर्थक व्हायला हवे.

*पाचवा, आणि सर्वांत वजनदार: मला खरोखरच नवे नाव हवे आहे.* माहेरच्या आठवणी दुखऱ्या असतील, आडनावावरून जात ओळखली जाणे नको असेल, किंवा नवे नाव मनापासून आवडले असेल. या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. पण मग तो हक्क प्रत्येक सज्ञान माणसाला, लग्न असो वा नसो, सारखाच मिळावा: न्यायालयातून किंवा राजपत्रातून, समजून-उमजून, स्वतःच्या सहीने. अमेरिकेत नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातच नाव बदलून मागता येते आणि न्यायालयीन शपथविधीत ते मंजूर होते. असा बदल हा त्या व्यक्तीचा स्वतःचा निर्णय असतो. लग्नाची शेपटी म्हणून तो यावा, याला कारण नाही.

७. तोपर्यंत काय करावे?

कायदे बदलायला वेळ लागेल. विमानाचे तिकीट पुढच्या महिन्याचे असते. म्हणून या विचारातून निघणारे काही व्यवहाराचे नियम:

१. नाव बदलणे सक्तीचे आहे, या समजुतीने बदलू नका. भारतीय पासपोर्टासाठी लग्नानंतर नाव बदलणे आवश्यक नाही, हे २०१७ मध्ये पंतप्रधानांनीही जाहीरपणे सांगितले आहे. पासपोर्टात जोडीदाराचे नाव हवे असेल, तर त्याच्यासाठी वेगळी जागा आहे. तिथे ते लिहिल्याने तुमचे नाव बदलत नाही.

२. व्हिसा किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना कोणत्याही कागदावर नाव बदलू नका. पहिल्या अर्जात जे नाव, तेच शेवटच्या मुलाखतीत.

३. बदलायचेच असेल, तर मुळापासून बदला. आधी पासपोर्ट, मग व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, मग सोशल सिक्युरिटी, परवाना, मालक, बँक. आणि इकडे पॅन, आधार, बँक खाती. अर्धवट बदल हा न बदलण्याहून आणि पूर्ण बदलण्याहूनही वाईट.

४. घाई नसेल, तर नागरिकत्वापर्यंत थांबा. त्या वेळी सगळे कागद तसेही नव्याने निघतात. मात्र नंतर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे (ओसीआय) कार्ड मागताना जुन्या भारतीय पासपोर्टातले नाव आणि नवे नाव जोडणारा कागद लागतो, तो जपून ठेवा.

५. पहिले नाव बदलणे टाळाच. आडनाव बदलण्यामागचे लग्नाचे कारण निदान जगभर समजते. पहिले नाव बदलण्यामागचे समजत नाही.

६. विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या अनेक प्रमाणित प्रती काढा आणि त्यांतली एक स्वतःच्या ताब्यात ठेवा. ही सूचना अविश्वासाची नाही. पासपोर्ट जसा ज्याचा त्याच्याकडे असतो, तसाच हा कागद.

७. दारावरची पाटी, पत्रिका, समाजमाध्यमे, महाराष्ट्र मंडळाची यादी, इथे हवे ते नाव लावा. मिसेस पवार म्हणवून घ्यायला कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नाही.

८. निष्कर्ष

नाव बदलणाऱ्या स्त्रीला मागासलेली ठरवणारे आणि न बदलणाऱ्या स्त्रीला उद्धट ठरवणारे एकाच चुकीचे भागीदार आहेत: दोघेही सरकारी रकान्यात नात्याचा अर्थ शोधतात. रकान्याला नाते कळत नाही. त्याला जुळणे आणि न जुळणे एवढेच कळते.

म्हणून मागणी साधी आहे. केंद्र सरकारने पासपोर्टात आणि आधारात जन्मनावाच्या शेजारी 'वापरातले नाव' असा ऐच्छिक रकाना द्यावा, तो नवरा आणि बायको दोघांसाठी सारखा असावा, आणि तो भरायला वा पुसायला जोडीदाराची संमती लागू नये. महाराष्ट्राने मालमत्तेच्या दस्तापुरती दिलेली मुभा सर्वच सरकारी कागदांना लावावी. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी लग्नानंतर नाव न बदलण्याचा पर्याय अर्जाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावा. आणि मुलीला परदेशी पाठवणाऱ्या आई-वडिलांनी व सासू-सासऱ्यांनी, हे सारे होईपर्यंत, तिला हव्या त्या नावाने हाक मारावी. तिच्या पासपोर्टावरचे नाव मात्र आहे तसे राहू द्यावे.